वसुदेवाचा मान

टोपली सजली होती, कृष्ण काजळ-तीट लावून तयार होता, फक्त वसुदेव मिळत नव्हता.

हदगावजवळच्या त्या गावात भागवताचा सप्ता बसला होता आणि कृष्णजन्माची कथा ऐन रंगात आली होती. कथेकरी महाराजांनी तुरुंगाची दारं उघडली, पहारेकरी झोपवले, यमुनेला पूर आणला. आता रिवाजाप्रमाणं एक तान्हं लेकरू टोपलीत घालून मांडवातून न्यायचं आणि मग पाळणा म्हणायचा. यंदाचे यजमान अण्णाराव, म्हणून कृष्णही त्यांच्याच घरचा. त्यांच्या लेकीचा, तनुजाचा, केदार. अजून धड बसताही येत नव्हतं त्याला.

"लेकराच्या बापाला बोलवा," महाराज म्हणाले. "टोपली बापाच्याच डोक्यावर शोभती."

महाराज परगावचे. त्यांना काय ठाऊक? मृदंगावरचा हात जागीच थांबला. सगळा मांडव एकाएकी आपापल्या पायांकडं बघायला लागला.

अगदी मागच्या खांबाला टेकून दयानंद बसला होता. त्यानं मान आणखी खाली घातली.

तो आणि तनुजा लातूरला एकाच क्लासमध्ये शिकवायचे. तो फिजिक्स, ती बायोलॉजी. जीव जडला, लेकराची चाहूल लागली आणि लग्नाची बोलणी मात्र अण्णारावांच्या ओसरीवर एका दुपारीच मोडली. "मागं-पुढं कुणी न्हाई, अशा घरी लेक द्यायची कशी," अण्णाराव बोलून गेले. दयानंद भरल्या ताटावरून उठला. तनुजाला दोघांचाही राग आला. लग्नच नको, म्हणाली, आणि ते तिनं खरं केलं. पुढं कोर्टात समजुतीनं ठरलं, की लेकरू आईजवळ राहील, बापानं एक रविवार सोडून एक रविवार येऊन भेटावं. कुठं, ते अण्णारावांनी ठरवलं. मारुतीच्या देवळात. घराचा उंबरा चढायचा नाही.

तेव्हापासून दयानंद पहाटेची एसटी धरायचा. लातूरहून नांदेड, नांदेडहून हदगाव, तिथून मिळेल ती जीप. देवळाच्या पायरीवर लेकराला मांडीवर घ्यायचा आणि लेकरू भोकाड पसरायचं. कुणी विचारलं तर अण्णाराव सांगायचे, "लातूरचे सर हायत. पाहुणे."

लातूरकडच्या भूकंपात दयानंदचं अख्खं घर दगडामातीखाली गेलं, तेव्हा तो नुकता चालायला लागला होता. आश्रमशाळेत वाढला. बापाचा चेहरा त्याला आठवत नव्हता. एक फोटोसुद्धा निघाला नव्हता ढिगाऱ्यातून. आपलं हे दुखणं पोराच्या वाट्याला येऊ नये, एवढंच त्याचं देवाकडं मागणं होतं. म्हणून "ह्या रविवारी येऊ नका, सप्ता हाय, घर पाहुण्यांनी भरलंय," असा अण्णारावांचा फोन येऊनही तो आला होता. एक खेप चुकली असती, तर लेकरू पार विसरलं असतं त्याला. लांबून का होईना, बघून परत जायचं, असं ठरवूनच तो मागं बसला होता.

तेवढ्यात तनुजाचा भाऊ वीरभद्र उठला. "आणा महाराज, मी घेतो टोपली. मामा हाय मी."

महाराजांना हसू आलं. "अरे बाबा, मामा म्हणजे कंस. ज्याच्या भयानं देवाला रातोरात पळवायचं, त्याच्याच डोक्यावर द्यायचा व्हय?"

मांडव खो खो हसला. वीरभद्र कान धरून खाली बसला. पण हसू ओसरलं आणि प्रश्न होता तिथंच राहिला.

आपल्यापायी तनुजाला चारचौघांत खाली बघायला लागू नये, म्हणून दयानंद उठला आणि वाकून चपला शोधायला लागला.

बायकांच्या बाजूला तनुजा उभी राहिली. तिनं लेकरू टोपलीत ठेवलं, दुपटं नीट केलं आणि सरळ मागच्या खांबाकडं बघितलं. अण्णारावांनी तिची नजर पाहिली. बराच वेळ ते आपल्या उपरण्याचं टोक चोळत राहिले.

"सर, कुठं निघालात?"

"येतो अण्णा. गर्दी हाय. पुढच्या खेपेला..."

"चपला राहू द्या. इकडं या."

अण्णारावांनी स्वतःच्या हातानं त्याच्या डोक्याला उपरणं गुंडाळलं आणि वर टोपली ठेवली. मृदंग घुमला. रोज शंभर पोरांपुढं न अडखळता बोलणारा दयानंद एकेक पाऊल जपून टाकत निघाला. यमुना देवाच्या पायांना शिवली तसे बायाबापड्यांचे हात टोपलीकडं झेपावत होते. टोपलीबाहेर आलेला एक इवला पाय त्याच्या कपाळावर ताल धरून आपटत होता. रडणं कुठल्या कुठं गेलं होतं.

"अंगठा बघा गं," म्हातारी कस्तुराबाई शेजारणीला मोठ्यानंच म्हणाली, "बापावाणीच वाकडा हाय."

मांडवाच्या दुसऱ्या टोकाला गोकुळ मांडलं होतं. यजमान म्हणून नंदाचा मान अण्णारावांचा. वसुदेवानं लेकरू त्यांच्या हाती द्यायचं, नंदाच्या लेकीच्या जागी टोपलीत नारळ घ्यायचा आणि मागं न बघता परतायचं, असा रिवाज. दयानंदनं टोपली उतरवली. लेकरू छातीशी धरलं, थोडा जास्तच वेळ धरलं, आणि मग अण्णारावांच्या हातात दिलं. रिकामी टोपली नारळासाठी पुढं केली.

अण्णारावांनी नारळाला हात लावला नाही. केदारच्या गालाला गाल लावला आणि लेकरू परत दयानंदच्या हातात ठेवलं.

"नंदाला ठाऊक नव्हतं लेकरू कुणाचं हाय ते," ते म्हणाले. "मला ठाऊक हाय. घरी चला."