थोरल्याचं प्रमाणपत्र

"नाव?" भरतीच्या टेबलामागच्या सुभेदारांनी दहावीचं प्रमाणपत्र बघत विचारलं.

"हिंदुराव," आनंदा म्हणाला.

हिंदुराव त्याचा थोरला भाऊ. दहावी पास झाला आणि दोन महिन्यांत विहिरीत बुडून गेला. आनंदानं नववीतच शाळा सोडलेली. वडिलांनी भावाचं प्रमाणपत्र त्याच्या हातात ठेवलं होतं. "त्येला आता काय उपेग? तू तरी लाग."

तो लागला. सतरा वर्षं पलटणीत त्यानं हिंदुराव म्हणून हजेरी दिली. लग्नपत्रिकेतही तेच नाव छापलं. वडील गेल्यावर त्याला आनंदा म्हणून हाक मारणारी एकटी आई उरली. तेवढ्या हाकेसाठी तो दर सुट्टीत गावी यायचा.

निवृत्त होऊन तो कायमचा घरी आला, तेव्हा आईला माणसं नीट ओळखू येत नव्हती. तिनं त्याच्या चेहऱ्यावरून हात फिरवला आणि ती हसली.

"हिंदुराव, आलास व्हय! आन् आनंदा कुठं हाय?"

त्याला वाटलं, आता रडू येईल. आलं नाही.

"मागनं येतोय," तो म्हणाला आणि बूट काढायला उंबऱ्यावर बसला.