ऑगस्टपर्यंतची वजावट

जुलैत सुनेत्रा आयकराचं विवरणपत्र भरायला बसली. सॉफ्टवेअर आता घरातल्यांच्या तब्येतीच्या नोंदी वाचून चालू वर्षाचं विवरणपत्रही आधीच तयार करून ठेवी. त्यात आईच्या औषधोपचारांची वजावट फक्त ऑगस्टपर्यंत धरली होती.

“पुढचे महिने राहिलेत,” ती म्हणाली.

“राहिले नाहीत,” सॉफ्टवेअरने मऊ आवाजात सांगितलं. “सप्टेंबरपासून त्या नसतील.”

सुनेत्रा उठून स्वयंपाकघरात गेली. आई वाल सोलत बसली होती.

“झालं का गं भरून?” आईने विचारलं. “आणि दिवाळीत हर्णैला जायचं म्हणालीस, त्याची रजा टाकलीस?”

“दिवाळी कशाला, आई? उद्याच निघू या.”

आईचे हात थांबले. तिने लेकीच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि वाल तसेच ठेवून ती साड्या काढायला उठली.