फेकायचा राहिलेला दात

"मधुराचा एकही दुधाचा दात ठेवला नाहीत?" डॉक्टर सय्यदबाईंनी विचारलं.

वसुधा ओशाळली. रीतीप्रमाणे धाकटीचे सगळे दात शेणात घालून तिनं कौलांवर फेकले होते. आता वर अडकलेला सुळा तारांनी खाली ओढायचा म्हणून मधुराची हिरडी कापली होती, आणि जखम काही केल्या भरत नव्हती. जखमेवर लावायचा जिवंत पापुद्रा दुधाच्या दाताच्या भुकटीवरच वाढवता येई. स्वतःच्या, नाहीतर सख्ख्या भावंडाच्या.

वसुधानं पर्समधून कुंकवाची जुनी डबी काढली.

"हा केतकीचा. माझ्या थोरलीचा."

केतकी तापानं गेली, त्याच्या आदल्या दिवशी तो दवाखान्यातच पडला होता. म्हणून फेकायचा राहून गेला. तिचं म्हणून तेवढंच उरलं होतं.

"दळावा लागेल," डॉक्टर हळूच म्हणाल्या. "परत नाही मिळणार."

वसुधानं डबी एकदा मुठीत घट्ट धरली, मग टेबलावर ठेवली.

महिन्याभरात हिरडी गुलाबी झाली. सकाळी मधुरा आरशापुढे खसाखसा दात घासू लागली, तशी वसुधानं तिचा हात धरला.

"तिथं हळू गं. ताईला फार गुदगुल्या व्हायच्या."