शंभर मीटरची एकच जागा

निवड चाचणीची दुसरी हीट सुटली तेव्हा त्र्यंबक सरांच्या एका हातात स्टॉपवॉच होतं आणि दुसऱ्या हातात पोह्यांची बशी. नजर पोह्यांत. शंभर मीटरवर, पलीकडच्या टोकाला शर्यत सोडणाऱ्या सुधीरने लाकडी फळ्या आपटल्या. त्यांचा आवाज इथवर पोचला तेव्हा कुठे सरांनी अंगठा दाबला.

कलावती शेजारीच उभी होती. तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. देशासाठी बारा वर्षं धावलेली ही बाई गेली नऊ वर्षं डोंबिवलीच्या याच मैदानावर मुलींना शिकवत होती. फळ्या मिटताना दिसल्या की घड्याळ दाबायचं, आवाजासाठी थांबायचं नाही, हे तिच्याकडे पाचवीतल्या पोरीही पहिल्या आठवड्यात शिकायच्या. आवाज शंभर मीटर यायला तीन दशांश सेकंद घेतो. घड्याळ तेवढं उशिरा सुरू झालं, की धावणारी कागदावर तेवढी वेगवान होते.

पहिल्या हीटला सरांनी नीट फळ्यांकडे बघून घड्याळ लावलं होतं. ती कलावतीच्या क्लासमधल्या ऐश्वर्याने बारा पॉइंट आठमध्ये जिंकली. दुसरी बाळकुमच्या रुचिताने जिंकली. कागदावर बारा पॉइंट सहा. राज्य स्पर्धेला जागा एकच, आणि ऐश्वर्याचं या वयोगटातलं हे शेवटचं वर्ष. फायनल घ्यायची नव्हती, कारण अकरा वाजता मैदान क्रिकेटवाल्यांना द्यायचं होतं.

कलावतीने सरळ टेबलापाशी जाऊन चूक सांगितली. तीन दशांशांनी काय मोठा फरक पडतो, असं सरांनी विचारलं. परदेशात एकदा दोन शतांशांनी तिचं पदक हुकलं होतं, आणि हा माणूस तीन दशांश पोह्यांबरोबर गिळून मोकळा झाला होता.

"तुमच्या क्लासची पोरगी आहे ना मॅडम, म्हणून तुम्हाला तसं दिसतंय," सर म्हणाले.

बाकीचे पंच लगेच मोबाइलमध्ये बघू लागले. पोरगी कलावतीच्याच क्लासची होती, ते काही खोटं नव्हतं.

तेवढ्यात रुचिता स्पाइक्स हातात घेऊन टेबलाशी आली.

"सर, मी परत धावते. आम्हा दोघींना एकत्र सोडा. मग घड्याळ कशाला लागतंय?"

सर नको नको म्हणेपर्यंत दोघी रेषेवर जाऊन उभ्या राहिल्या. सुधीरने पुन्हा फळ्या आपटल्या. ऐश्वर्या हातभर पुढे आली; सगळ्या मैदानाने पाहिलं. रुचिताला धाप लागली होती, तरी तिनेच येऊन सांगितलं की यादीत ऐश्वर्याचं नाव टाका.

सरांनी तोवर रुचिताच्या नावाची यादी ग्रुपवर टाकून दिली होती. आता बदललं तर लोक काय म्हणतील, असं पुटपुटत त्यांनी मूळ कागद सहीसाठी कलावतीपुढे सरकवला. खाली निवड समितीची नावं होती. पहिलं तिचं, आणि त्यापुढे ठळक अक्षरांत 'आंतरराष्ट्रीय धावपटू'.

कलावतीने पेन घेतलं आणि आपल्या नावावर आडवी रेघ मारली.

"अहो मॅडम, तुमच्या नावाशिवाय यादी पुढे जात नाही."

"माहितीये," कलावती म्हणाली. "म्हणून तर खोडलं."