कोमट पाणी

गुरुवार उजाडला की सर्जेराव दाढीचं सामान मागायचा. आजही त्यानं खाटेवर बसूनच हनुवटी खरडली, केसांना तेल चोपडलं आणि आरसा उशाखाली सारला. चुलीपुढे भाकरी थापता थापता कौसल्या सगळं बघत होती.

"लग्नात बी एवढे नटले न्हवते," ती म्हणाली.

"तवा मधी अंतरपाट होता," सर्जेराव म्हणाला.

ओसरीत लसूण सोलत बसलेली सासू, झुंबरबाई, खुदकन हसली. कौसल्याची भाकरी मात्र तव्यावर जरा जोरातच आदळली.

नवरा-बायको दोघांच्याही रक्तात एचआयव्ही निघाला होता. पण अंथरुणाला खिळला तो सर्जेराव. लांबलेल्या दुखण्यात त्याच्या पायांतलं बळ सरलं. ते परत आणायला जालन्याच्या संस्थेकडून उषाबाई यायच्या. व्यायाम शिकवणाऱ्या डॉक्टरीण त्या. शहागडातल्या बायका त्यांना मालिशवाली म्हणायच्या. त्या आल्या की खाली फरशीवर बसायच्या, सर्जेरावचा पाय आपल्या मांडीवर घ्यायच्या आणि दोन्ही हातांत धरून अंगठ्यानं तळवा दाबायच्या. आणि बायकोनं उठा म्हटलं की 'जमत न्हाई' म्हणून भिंतीकडे तोंड करणारा हा गडी उषाबाईंच्या खांद्यावर हात टाकून चक्क उभा राहायचा! गोदावरीच्या पुलावरून ट्रक गेला की नुसत्या आवाजावरून सांगायचा, "भरलेला हाये, म्याडम. ऊस असंल." असं काही त्यानं कौसल्याला कधी सांगितलं नव्हतं.

कौसल्या कुढायची. नवऱ्याचा राग येतो की उषाबाईंचा, हे तिचं तिलाही उमगत नव्हतं. आजाराचं गावाला कळल्यापासून तिला कोणी हात लावला नव्हता. संक्रांतीला कासारणीनंसुद्धा बांगड्या ओट्यावर ठेवल्या आणि लांबूनच म्हणाली, "तूच भर, बाई." आपल्याच हातानं भरताना निम्म्या बांगड्या फुटल्या होत्या. आणि इथे दर गुरुवारी एक शिकलेली बाई जालन्याहून यायची आणि सर्जेरावचे पाय मांडीवर घ्यायची.

ते पाय धुवायचं काम मात्र कौसल्याचंच. खापरानं घासायचे, पदरानं पुसायचे आणि दुसरीच्या मांडीवर ठेवायला तयार करायचे.

बाहेर जीप थांबल्याचा आवाज आला. कौसल्या घाईनं उठली. चुलीवरचं पाणी तिनं घमेल्यात ओतलं, वर तांब्याभर गार घातलं. हात पिठानं भरले होते, म्हणून उजव्या पायाची बोटं पाण्यात बुडवून पाहिली. कोमट होतं. तिनं घमेलं खाटेपाशी सरकवलं आणि सर्जेरावचे पाय त्यात सोडले.

"आगं माय!" सर्जेराव किंचाळला. त्यानं असे पाय वर ओढले, की त्या पायांत एवढं बळ आहे हे त्यालाही ठाऊक नसावं. "जाळू राह्यली का मला? म्याडम येतेत ते बघवत न्हाई तुला, मला ठाव न्हाई का!"

"पोटातली आग पाण्यात उतरली, दुसरं काय," झुंबरबाई ओसरीतून म्हणाली.

उषाबाई दारातच होत्या. पर्स खाली टाकून त्यांनी रांजणातलं गार पाणी घेतलं आणि सर्जेरावच्या पायांवर ओतत राहिल्या. कातडी लाल झाली होती, पण फोड नव्हता.

"बघवत न्हाई हे खरंय," कौसल्या म्हणाली. "पण मी जाळलं न्हाई, म्याडम. पोराबाळांची आण. पाय घालून पाह्यला मी. कोमट होतं."

"कोमट म्हणं!" झुंबरबाई म्हणाली. "ध्यान कुटं असतं हिचं? परवा एका पायात चप्पल घालून घरी आल्ती. दुसरी वाटंत गळाली, ह्या बयेला पत्ता न्हाई!"

उषाबाईंचा तांब्या हवेतच थांबला. त्यांनी वळून कौसल्याच्या पायांकडे पाहिलं. उजव्या पायाची बोटं सर्जेरावच्या पायांपेक्षा लाल होती आणि करंगळीपाशी फोड टरारून आला होता. तिथेच ती भार देऊन उभी होती.

"कौसल्याबाई, खाटेवर बसा," उषाबाई हळू आवाजात म्हणाल्या.

"मी कशापायी?"

"बसा तर."

सर्जेराव सरकला. कौसल्या त्याच्या शेजारी अंग चोरून बसली. उषाबाईंनी आधी तिच्या पायावर गार पाणी सोडलं, मग खाली मांडी घातली आणि तिला पाय मांडीवर ठेवायला लावला. टाचांच्या भेगांत शेण आणि राख भरलेली होती. कौसल्यानं लाजून साडी खाली ओढली.

"घाण हाये, म्याडम. धुतला न्हाई."

"असू द्या. आता डोळे मिटा. माझा हात लागला की 'हो' म्हणा."

कौसल्यानं डोळे मिटले. इतक्या दिवसांनी कोणीतरी आपल्याला हात लावणार, या विचारानं तिनं खाटेचा काठ घट्ट धरला. आता लागेल, मग लागेल, करत ती थांबली. पुलावरून एक ट्रक गेला. तो भरलेला की रिकामा, हे सर्जेराव बोलला नाही. ओसरीतलं लसूण सोलणंही थांबलं होतं.

"लावा की, म्याडम," अखेर तीच म्हणाली. "का तुमी बी भेता?"

तिनं डोळे उघडले.

उषाबाईंनी तिचा पाय दोन्ही हातांत धरला होता आणि अंगठ्यानं त्या तळवा दाबत होत्या.