आधी पत्ता

“आधी नाव आणि पत्ता,” नगराध्यक्ष म्हणाले. “मग तीन मिनिटं.”

“अर्लीन प्रुइट,” माइकसमोर उभी असलेली बाई म्हणाली आणि अडली. पत्ता आणायचा कुठून? ती आणि तिचा नवरा वॉल्ट वाचनालयामागच्या पार्किंगमध्ये, स्वतःच्या व्हॅनमध्ये झोपत. तिथल्या भिंतीवरच्या प्लगवर वॉल्टचं ऑक्सिजनचं यंत्र रात्रभर चाले. त्या पार्किंगला रात्री साखळी लावायचा ठराव आज सभेपुढे होता.

“पत्ता, बाई,” डेल कोलबर्न या सभासदानं टोचलं. “इथं गावकऱ्यांनी बोलायचं असतं. येणाऱ्याजाणाऱ्यांनी नाही.”

“सांगते. पण आधी वॉल्टचं ऐका.” घाईघाईत ती बोलायला लागली. वॉल्टनं ओहायोच्या थंडीत या गावाचे रस्ते मोकळे केले होते, बर्फ हटवायची गाडी चालवून. आता त्याला चार पावलांत धाप लागते. ती धास्तावून घड्याळाकडे बघत होती. घड्याळ सचिव हॅस्केलबाईंच्या हाती होतं, आणि हॅस्केलबाई म्हणजे पाद्रीबाबांचं ‘आमेन’सुद्धा घंटा वाजवून तोडणारी बाई.

आकडा तीनवरून हललाच नव्हता.

डेलच्याही ते लक्षात आलं. “घड्याळ बंद पडलंय का?”

“घड्याळ ठणठणीत आहे,” हॅस्केलबाई म्हणाल्या. “नाव-पत्ता नोंदला की वेळ सुरू. नियम तुम्हीच आणलात, डेल. पत्ता अजून आलेला नाही.”

“मग बसवा तिला खाली.”

“वेळ संपली की बसवते. वेळ सुरूच झालेली नाही.”

मागच्या रांगेत कोणीतरी खुदकन हसलं. अर्लीननं घड्याळाकडे बघणं सोडलं. मग ती सावकाश, सगळं बोलली. यंत्र मध्येच बंद पडलं की वॉल्टचे ओठ कसे निळे पडतात, तेही. डेल टेबलाकडे बघत बसला.

“साखळीचा विषय आज घ्यायचा नाही,” नगराध्यक्ष म्हणाले. “हिवाळा सरल्यावर बघू. हरकत?”

कोणाचीच नव्हती. डेलचीही.

“आता तरी पत्ता सांगा, अर्लीन. नोंदीला लागतो.”

“वाचनालयामागचं पार्किंग. दिव्याखालची जागा.”

हॅस्केलबाईंनी तो लिहून घेतला, शिरस्त्याप्रमाणे मोठ्यानं वाचून दाखवला आणि बटण दाबलं. “बोला. तीन मिनिटं.”

बोलायचं तर सगळं झालं होतं. अर्लीन जरा गोंधळली, मग तिनं आभार मानायला सुरुवात केली. भिंतीवर प्लग बसवणाऱ्याचे, मग सकाळी लवकर दार उघडून गरम पाणी देणाऱ्या वाचनालयातल्या मुलीचे, नगराध्यक्षांचे. डेलचेसुद्धा मानले, हरकत न घेतल्याबद्दल. तिचं मन इतकं भरून आलं होतं की थांबवेना.

“आणि हॅस्केलबाई, तुमचे तर मी—”

घंटा वाजली.

“वेळ संपली,” हॅस्केलबाई म्हणाल्या.