मापाचा शर्ट

बाईंनी पिशवी कापड बेतायच्या टेबलावर ठेवली आणि पिशवी खोकली.

‘शर्टच ना?’ शिंप्याने टेप गळ्यात अडकवत विचारलं. ‘मापाला जुना आणलाय?’

‘जुना ह्यांच्या अंगावरच आहे,’ बाई म्हणाल्या आणि त्यांनी पिशवीचं तोंड उघडलं.

आत पावाच्या पुड्याशेजारी, गुडघे पोटाशी घेऊन, त्यांचे यजमान बसले होते. दुधाच्या बाटलीएवढे. शिंप्याने आधी शर्ट पाहिला, मग माणूस. खांदा कसा चपखल बसला होता! त्याला स्वतःचंच कौतुक वाटलं.

सुरुवात एका चुकीने झाली होती. अंगाचं माप शिंपी कधी घेत नसे. जुना शर्ट आणा, त्यावरून नवा बेततो, हा त्याचा खाक्या. एकदा मापाला भलत्याच गिऱ्हाइकाचा शर्ट हाती लागला आणि ह्या यजमानांचा शर्ट दोन बोटं आखूड झाला. बाई भांडायला येणार म्हणून शिंपी धास्तावून बसला होता. त्या आल्या हसत. म्हणाल्या, शर्ट आखूडच होता, पण संध्याकाळपर्यंत ह्यांना बरोबर आला. आता पुढचा आणखी आखूड करा. घरात ह्यांचा आवाज फार होतो. तेव्हापासून आपल्या हाताला गुण आहे, असं शिंपी येईल त्याला सांगत सुटला होता.

‘ह्या खेपेला केवढा करू?’

‘काडेपेटीत मावतील एवढा,’ बाई म्हणाल्या. ‘पिशवीत ठेवलं तरी खोकतात हो. लोक वळून बघतात.’

‘मास्तर.’ पिशवीतला आवाज बारीक होता, पण शब्द स्वच्छ होते. ‘मास्तर, एक मोठा शिवा. माझ्या पहिल्या मापाचा. मी परत वाढेन. पाया पडतो तुमच्या.’ आणि ते खरंच पाया पडायला वाकले. जागा पुरेना, तेव्हा कपाळ पावाच्या पुड्यावर टेकलं.

शिंप्याला हसू आवरेना.

मागे स्टुलावर त्याची बायको बटणं लावत बसली होती. तिने लावलेलं बटण जन्मात निघत नसे. तिची सुई थांबली.

‘अहो, शिवा ना एक मोठा. जीव आहे तो.’

‘तू बटणं लाव.’

‘चिंध्या जोडून केला तरी चालेल. कापड मी देते.’

‘गिऱ्हाईक सांगेल तसं शिवायचं असतं,’ शिंपी म्हणाला. चार माणसांत बायकोला बोलायचं म्हटलं की त्याला स्फुरण चढे. ‘बघा बाई. जन्म गेला काजं-बटणं करण्यात, आणि आता मला शहाणपण शिकवते. हिच्या हाती कात्री दिली तर कापडाचं पोतेरं करील!’

बाई मनापासून हसल्या. बायको हसली नाही. मांडीवरच्या शर्टाला तिने शेवटचं बटण लावलं, दोरा दातांनी तोडला आणि शर्ट टेबलावर आणून ठेवला.

‘हा मीच कापलाय,’ ती म्हणाली. ‘तुमच्यासाठी.’

शिंप्याने शर्ट उलटासुलटा केला. त्याचा चेहरा फुलला. इतकं आयतं कोलीत त्याला कधी मिळालं नव्हतं.

‘आखूड! दोन बोटं आखूड! आणि खांदा बघा, खांदा! थांबा, घालूनच दाखवतो तुम्हाला.’

आणि बायकोची फजिती नीट दिसावी म्हणून त्याने अंगातला शर्ट काढून तो चढवला. पोट आत ओढून बटणं गळ्यापर्यंत लावली, हात पसरले आणि बाईंसमोर एक गिरकी घेतली. बाह्या मनगटाच्या वर राहिल्या होत्या.

‘कसा दिसतोय?’

बाई आता हसत नव्हत्या. त्या त्याच्या बायकोकडे बघत होत्या, बरोबरीच्या माणसाकडे बघावं तशा.

‘राहू दे अंगात,’ बायको म्हणाली. ‘संध्याकाळपर्यंत येईल बरोबर.’

‘गुण माझ्या हाताला आहे,’ शिंपी म्हणाला, ‘तुझ्या नव्हे.’ पण त्याचा हात गळ्याशी गेला. वरचं बटण निघेना. खालचंही निघेना. त्याने हिसडा दिला. शर्ट फाटला नाही, दोराही तुटला नाही. मग तो काही झालंच नाही अशा थाटात मशीनवर जाऊन बसला आणि कामाला लागायचं म्हणून त्याने पाय खाली सोडले.

टाचा टेकेनात. तो खुर्चीच्या कडेला सरकला, चवडे ताणले. अंगठा पायडलला जेमतेम लागला आणि मग तोही सुटला.

‘अगं,’ तो म्हणाला. एवढ्या हळू आवाजात त्याने तिला कधी हाक मारली नव्हती.

तिने टेबलावरची कात्री उचलली. बोटं घालून उघडली, मिटली. हाताला बरी बसत होती.

पिशवीतले यजमान कडेला धरून उभे राहिले होते. डोळ्यांत पाणी होतं.

‘वहिनी, देवासारख्या धावलात. आता माझा मोठा शिवा.’

तिने त्यांच्याकडे पाहिलं. मग खुर्चीच्या कडेवरून लोंबकळणाऱ्या नवऱ्याच्या पायांकडे पाहिलं. मग टेप त्याच्या गळ्यातून काढून आपल्या गळ्यात अडकवली.

‘गिऱ्हाईक सांगेल तसं शिवायचं असतं,’ ती म्हणाली आणि बाईंकडे वळली. ‘काडेपेटी आणलीय ना मापाला?’